गुडघाभर पाण्यातला तंबू

१

रविवारी सकाळी सव्वासहाला हॅकबेरी किनाऱ्यावर एक तंबू पाण्यात उभा दिसला. तो वाहून आलेला नव्हता आणि कोसळलेलाही नव्हता. दोऱ्या ताठ होत्या, दाराची चेन बंद होती आणि दारासमोर गुडघाभर पाणी होते. आत झोपायची पिशवी भिजून फुगली होती. तिच्या शेजारी औषधांची एक सीलबंद पिशवी तरंगत होती. माणूस मात्र नव्हता.

तंबू प्रथम पाहिला आयनेझ बिट्सुई यांनी. वय त्रेसष्ट. टॅलमेज तलावाची उंची मोजण्याची नोकरी त्यांनी सव्वीस वर्षे केली. निवृत्तीनंतर त्या तलावाच्या धक्क्यावर एका जुन्या ट्रेलरमध्ये राहतात आणि किनाऱ्यांची राखण करतात, बिनपगारी. रोज सकाळी पट्टीवर पाणी वाचून फळ्यावर खडूने लिहायचा नेम त्यांनी सोडलेला नाही. मे महिन्यात उत्तरेच्या डोंगरांतले बर्फ वितळते आणि तलाव चढतो. त्या आठवड्यात सातही दिवस फळ्यावर एकच नोंद होती: कालपेक्षा नऊ इंच वर.

हॅकबेरी किनारा धक्क्यापासून सहा मैलांवर आहे. तिथे नळ नाही, बाक नाही, जागांना क्रमांक नाहीत. पाणी आपले आणायचे, कचरा आपला न्यायचा, चुलीची राखसुद्धा डब्यात भरून परत न्यायची. अशा ठिकाणी येणारी माणसे थोडी आणि पुन्हा पुन्हा येणारी त्याहून थोडी. बाई तिथे आठवड्यातून एकदाच, रविवारी, जीपने फेरी मारतात.

तंबू रुलॉन बिगलर यांचा होता. वय सत्त्याहत्तर, आयुष्य रस्ते सपाट करणारे यंत्र चालवण्यात गेलेले. एकतीस वर्षे मेच्या शेवटच्या आठवड्यात ते धक्क्यावर ट्रक लावून पत्र्याच्या होडीने या किनाऱ्यावर येत आले आहेत. सोमवारी यायचे आणि शनिवारी दुपारी घरी जायचे. या शनिवारी ते घरी पोचले नव्हते.

साडेआठला डेप्युटी क्लिंट हालस्ट्रॉम पोलिसांच्या मोटारबोटीतून आला. मागे बिगलर यांची होडी बांधून आणली होती.

"पलीकडच्या कड्याखाली सापडली," तो म्हणाला. "रिकामी. दोर पाण्यात लोंबत होता आणि त्याच्या टोकाला ही."

त्याच्या तळहातावर वीतभर लांबीची पिवळी मेख होती, हलक्या धातूची.

"मासे धरायला गेले असतील, वाकले असतील, पडले असतील. सत्त्याहत्तर वर्षं म्हणजे काही कमी नाही, बाई. बाराला पाणबुडे येतायत. हेलिकॉप्टर मिळालंय, पण दोन वाजेपर्यंतच. मग ते वणव्याकडे जाणार. तोवर तलावावरून फिरवतो."

आयनेझबाई तंबूकडेच पाहत होत्या.

"क्लिंट, हा तंबू रुलॉननं लावलेला नाही."

२

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाई पाण्यात उतरल्या आणि तंबूभोवती एक फेरी मारून आल्या. हातात एक मेख होती. पिवळी, वीतभर.

"सगळ्या कोपऱ्यांना ह्याच आहेत. ह्या वाळूत मेख धरते का? वारा सुटला की उपटून येते. रुलॉन मेखा बाळगतच नाही. पिशवीत वाळू भरतो, तोंडाला दोर बांधतो आणि हातभर खोल पुरतो. वादळात माझा ट्रेलर हलला, पण त्याचा तंबू हलला नाही."

"म्हातारपणी खणायचा कंटाळा आला असेल."

"आणि दार बघ. नैर्ऋत्येला. दुपारी वारा कुठून येतो?"

"नैर्ऋत्येकडून."

"एकतीस वर्षं त्यानं दार पूर्वेला ठेवलंय. हे दार तळं छान दिसावं म्हणून ठेवलंय. फोटोला बरं."

क्लिंटने टोपी काढून कपाळ पुसले. तो चौतीस वर्षांचा, मेहनती आणि आपल्या कामात बरा होता. "बाई, तुमचं मी ऐकतो, पण वरिष्ठ ऐकणार नाहीत. दार कुठं होतं ह्याच्यावरून मी हेलिकॉप्टर वळवू शकत नाही. फोनवर दोन वाक्यांत सांगता येईल असं कारण द्या."

"मग ऐक. तो पाण्यात असेल तर घाई नाही. तुझे पाणबुडे उद्या आले तरी चालेल. पण तो पाण्यात नसेल, तर वर कुठल्यातरी घळीत आहे, आणि जवळचं पाणी संपत आलंय किंवा संपलंय. आज दुपारी तिथल्या दगडाला हात लावता येणार नाही."

क्लिंटने घड्याळ पाहिले. नऊला दहा कमी होते.

"किनाऱ्यावर कोण कोण आहे?"

"उत्तर टोकाला कर्बी लोफ्टस. मधे हॅकबेरीच्या झाडाखाली फिनिक्सचं एक जोडपं. आणि रुलॉनचा जावई गॅरेट निघालाय घरून. त्यानंच पहाटे फोन केला होता."

"कर्बीपासून सुरू करू," क्लिंट म्हणाला. "गेल्या वर्षी जनरेटरवरून त्या दोघांचं हातघाईवर आलं होतं."

३

कर्बी लोफ्टस आपल्या गाडीच्या सावलीत बसून बीन्स शिजवत होता. निखाऱ्यांवर बिडाचे एक जड भांडे होते आणि त्याच्या झाकणावर छिन्नीने कोरलेली अक्षरे होती: आर. बी.

क्लिंट झाकणापाशी थांबला.

"हो, त्याचंच आहे," कर्बी म्हणाला. "चोरलं असतं तर असा उघड्यावर बीन्स ढवळत बसलो असतो का?"

"कसं आलं तुझ्याकडे?"

"मंगळवारी दुपारी जनरेटरवरून आला भांडायला. तो शिव्या देत नाही हो, उपदेश करतो. त्यापेक्षा शिव्या परवडल्या. म्हणाला, कर्बी, नरकात दिवसरात्र यंत्रं चालतात, तिथं गेल्यावर हौस भागव. मी म्हटलं, तुम्ही स्वर्गात जाणार ना, मग आपली गाठ पडत नाही."

"आणि भांडं?"

"संध्याकाळी घेऊन आला. म्हणे, तुझ्या पत्र्याच्या पातेल्यात बीन्स करपतात त्याचा वास माझ्यापर्यंत येतो, हे वापर. पण शुक्रवारी संध्याकाळी परत हवं, मला पीच घालून गोड करायचंय." कर्बीने पळी भांड्याच्या कडेवर आपटली. "भांडणारा माणूस भांडं देतो कधी? मला तर झोप येईना. जनरेटर बंद केला शेवटी. अजून बंदच आहे."

"शुक्रवारी दिलं नाहीस परत?"

"भांड्यात मासे होते. म्हटलं, हवं असेल तर येईल बोंबलत. आला नाही. मला वाटलं, माझ्यावर दया आली."

आयनेझबाईंनी एकच प्रश्न विचारला. "मधल्या तीन दिवसांत तो कशात शिजवणार होता?"

कर्बीने पळी खाली ठेवली. "हे मी विचारलंच नाही," तो म्हणाला. "त्याच्याकडे दुसरं भांडंच नाही."

४

गॅरेट ओल्डरॉइड दहा वाजता आला. रविवारच्या प्रार्थनेचे कपडे अंगावर होते, पांढरा शर्ट आणि टाय. शाळेत गणित शिकवणारा, नेमस्त माणूस. पाण्यातला तंबू पाहून तो वाळूवर खाली बसला.

"मी दोन वर्षं सांगतोय. बाबा, आता एकटं जायचं नाही. ते म्हणतात, मग तू चल. मला वाळूत झोप येत नाही हे त्यांना माहीत आहे."

"शेवटचं कधी भेटलात?" क्लिंटने विचारले.

"ईस्टरला. आमच्याकडे जेवायला आले होते."

"त्यानंतर नाही?"

"नाही."

आयनेझबाईंनी तंबूतली औषधांची सीलबंद पिशवी पुढे केली. दुकानाचे लेबल प्लॅस्टिकच्या आत कोरडेच राहिले होते. त्यावर बिगलर यांचे नाव होते, औषधे घेणाऱ्याचे नाव गॅरेटचे होते आणि तारीख होती गेल्या बुधवारची.

गॅरेटने टाय सैल केला.

"मी बुधवारी आलो होतो," तो म्हणाला. "रीबाला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही. तिनं बजावलं होतं, बाबांच्या मागे लागू नकोस. मी शाळा सुटल्यावर गोळ्यांचं निमित्त करून आलो. त्यांना गाडीत घालून घरी न्यायचंच ठरवलं होतं."

"मग?"

"ते नव्हते. तासभर थांबलो. पिशवी तंबूत ठेवली आणि गेलो."

"तंबू कुठं होता?" बाईंनी विचारले.

"झाडाखाली. वरच्या ओट्यावर."

"इथं नाही?"

"इथं कशाला असेल? बाबा दरवर्षी झाडाखालीच असतात. मी त्या सावलीत तासभर बसलो होतो, बाई. ह्या किनाऱ्यावर सावली एकाच जागी आहे."

क्लिंटने बाईंना बाजूला घेतले. "एकदा खोटं बोललाय तो. सासऱ्याशी वाद होता. कुणाला न सांगता आला होता. आणि तंबू जागेवरून हललाय हे सांगणारा तो एकटाच."

"त्या झाडाखाली आत्ता दुसऱ्यांचा तंबू आहे," बाई म्हणाल्या. "ते कधी आले ते विचारू."

५

या किनाऱ्यावर जागा राखण्याची एकच रीत आहे: तंबू उभा असेल तर जागा त्याची. मालक मासे धरायला जावो, दोन दिवस डोंगरात जावो, त्याच्या तंबूला कुणी हात लावत नाही. हे कुठे लिहिलेले नाही आणि त्याची कधी गरजही पडलेली नाही.

हॅकबेरीच्या झाडाखालचा ओटा ही किनाऱ्यावरची सगळ्यात चांगली जागा. तिथे सहा जणांचा नवा तंबू होता आणि पुढे कापडी छत. छताच्या दोन दोऱ्या पिवळ्या मेखांना होत्या, बाकीच्या दोन बर्फाच्या पेट्यांना बांधल्या होत्या. डेव्हन प्रुइट आणि त्याची बायको मारिसा. दोघेही पस्तिशीतले.

"वाईट झालं हो," डेव्हन म्हणाला. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, बर्फातले पाणी दिले. "गोड माणूस. आम्ही बुधवारी संध्याकाळी पोचलो तेव्हा ही जागा रिकामी होती. आमचं नशीब. काका खाली होते, त्या खडकाच्या आडोशाला."

"बोलणं झालं?"

"हात करण्यापुरतं. शुक्रवारी सकाळी आठच्या सुमाराला होडी काढली त्यांनी. मी इथं कॉफी पीत होतो. त्यांनी हात केला, मी हात केला. तेच शेवटचं." त्याने मान हलवली. "होडी परत आली नाही हे लक्षात यायला हवं होतं माझ्या."

क्लिंट लिहून घेत होता. माहिती स्वच्छ होती, वेळेसकट.

"तुम्ही पाहिलंत?" बाईंनी मारिसाला विचारले.

"मी झोपले होते," मारिसा म्हणाली. तिच्या मांडीवर गॉगलची डबी होती आणि ती डबी उघडबंद करत होती.

बाई डेव्हनकडे वळल्या. "शुक्रवारी ते निघाले तेव्हा त्यांच्या तंबूच्या दारापासून पाणी किती लांब होतं?"

"असेल दहाबारा पावलं. सगळं कोरडं होतं. आत्ता ते पाण्यात बघून मलाच धक्का बसला."

बाईंनी ग्लास खाली ठेवला आणि आभार मानले. त्यांचे पाणी तसेच राहिले होते. परतीच्या वाटेवर त्या पावले मोजत चालल्या.

६

"ह्यातलं खोटं कोण बोलतंय?" क्लिंटने विचारले. साडेअकरा वाजले होते. हेलिकॉप्टर तलावाच्या दक्षिण भागावर घिरट्या घालत होते.

बाईंनी हातातली काठी तंबूच्या दारासमोर पाण्यात उभी केली आणि ओल्या खुणेवर बोट ठेवले. "अठरा इंच. रोज किती चढतंय?"

"नऊ."

"म्हणजे दोन दिवसांपूर्वी पाणी ह्या दारात होतं. शुक्रवारी सकाळी. डेव्हन म्हणतो तेव्हा पाणी दहाबारा पावलं लांब होतं. ह्या उतारावर नऊ इंच चढायला तीन पावलं जमीन जाते. दहाबारा पावलं म्हणजे चार दिवस. त्याचा हिशोब खरा मानला तर पाणी इथं मंगळवारी पोचायला हवं. आज तर रविवार आहे."

क्लिंटने बोटांवर मोजून पाहिले. "त्याला नीट आठवत नसेल."

"मान्य. मग माणसाकडे बघ. आपल्या तंबूच्या दाराला पाणी लागलंय आणि रुलॉन बिगलर हात हलवत मासे धरायला जातो? तो रोज संध्याकाळी पाण्याच्या काठाला काडी खोचतो आणि सकाळी बघतो. इथल्या प्रत्येक जुन्या माणसाची सवय आहे ती. सहा दिवस राहायचं तर तो अठरा पावलं वर तंबू लावणार. हा तंबू बुधवारी संध्याकाळी लावला असेल तर तेव्हा पाण्यापासून चार पावलांवर होता. हे तळं चढतं हे ज्याला माहीतच नाही, असा माणूस इथं तंबू लावतो."

"प्रुइट."

"त्यांच्या छताच्या दोन दोऱ्या पेट्यांना बांधल्यात. नव्या छताबरोबर मेखा पुरेशा येतात. बाकीच्या कुठं गेल्या? सहा ह्या तंबूला आहेत आणि एक तुझ्या खिशात. होडी झाडाला बांधलेली असणार. त्यांनी ती सोडून आणली आणि खाली मेखेला बांधली. पाणी चढलं, मेख उपटली, होडी गेली."

क्लिंटने खिशातली मेख काढून पाहिली आणि परत ठेवली.

"बरं, तंबू त्यांनी हलवला. मग रुलॉन कुठं आहे?"

"मंगळवारी संध्याकाळी त्यानं आपलं एकुलतं एक भांडं दिलं आणि शुक्रवारी संध्याकाळी परत मागितलं. मधले दिवस त्याला शिजवायचं नव्हतं. पाठीवर गार खाणं आणि पाणी घेऊन तो वर गेला. बुधवारी शाळा सुटल्यावर गॅरेट आला तेव्हा तो नव्हताच. शुक्रवारी यायचा होता, आला नाही. पडलाय कुठंतरी."

"कुठल्या घळीत?"

बाई तलावामागच्या तांबड्या कड्यांकडे पाहत होत्या. कड्यांत पाच घळींची तोंडे दिसत होती.

"तेच तर. पाच घळी, एक हेलिकॉप्टर, अडीच तास. पण रुलॉन चिठ्ठी ठेवल्याशिवाय वर जात नाही. तंबूच्या दाराशी, डब्यात, वर दगड. ती चिठ्ठी कुणीतरी उचललीय."

"तो कबूल होणार नाही," क्लिंट म्हणाला. "म्हणेल, मेखा काय, दुकानात सगळीकडे त्याच मिळतात. हिशोबाला म्हणेल, बाई म्हाताऱ्या झाल्या. मला हातात धरता येईल असं काहीतरी हवं."

"ते झाडाखाली आहे," बाई म्हणाल्या. "त्यांच्या पायाखाली. त्यांना ते माहीत नाही."

७

साडेबाराला सगळे झाडाखाली उभे होते. गॅरेट थोडा मागे होता. डेव्हनने पुन्हा पाणी पुढे केले, ते कुणी घेतले नाही.

आयनेझबाई गुडघ्यांवर बसल्या. झाडाच्या बुंध्यापासून पूर्वेला त्यांनी हाताने अंतर घेतले आणि वाळूत बोटे घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांच्या चिमटीत दोरीचे टोक आले, चाकूने सरळ कापलेले. त्यांनी टोक मनगटाला गुंडाळले आणि मागे झुकल्या. वाळू फुगली, तडकली, आणि खालून एक निळी पिशवी वर आली. वाळूने गच्च भरलेली, तोंड आवळून बांधलेली. तिच्यावर काळ्या रंगात दोन अक्षरे होती.

"अशा सहा आहेत," बाई म्हणाल्या. "दोऱ्या ओढल्यावर सुटेनात, म्हणून तुम्ही कापल्या. खाली काय आहे ते बघितलं नाहीत. तंबू इथं होता, डेव्हन. तो तुम्ही हलवलात."

डेव्हन एकदम खूप बोलला. शुक्रवारी त्यांच्या लग्नाचा दहावा वाढदिवस होता. दोन होड्या भरून मित्र येणार होते. सगळ्यांना झाडाच्या सावलीचे फोटो पाठवलेले होते. येऊन बघतात तर म्हाताऱ्याचा तंबू.

"आणि दाराशी चिठ्ठी," बाई म्हणाल्या.

"शुक्रवारी संध्याकाळी परत येणार असं लिहिलं होतं. म्हटलं, शुक्रवारी दुपारपर्यंत होतं तसं परत लावू. त्यांना कळणारही नाही. आम्ही काही चोर नाही हो. आतली एक वस्तू हलवली नाही."

"शुक्रवारी सकाळी दारात पाणी बघितलंस?"

"बघितलं. वाळवंटातलं तळं उन्हाळ्यात चढतं हे कुणाला माहीत? आटायला हवं ना ते."

"मग वर का नाही घेतलास?"

"मित्र आले होते."

क्लिंट हळू आवाजात म्हणाला, "आणि होडीत बसून हात हलवणारा माणूस?"

"शनिवारी भीती वाटली. ते आलेच नाहीत. होडी नाही, तंबू पाण्यात. लोक म्हणतील आम्हीच मारलं. मासे धरायला गेले म्हटलं तर..." त्याने वाक्य सोडून दिले.

"चिठ्ठीत कुठली घळ होती?"

"मला आठवत नाही. खरंच नाही आठवत. वरचं काहीतरी होतं. मी फक्त दिवस बघितला. काल चुलीत टाकली ती."

एकला वीस मिनिटे कमी होती. दक्षिणेकडून हेलिकॉप्टरचा आवाज येत होता. गॅरेटने डेव्हनच्या शर्टाला हात घातला, आणि क्लिंटने गॅरेटचा हात धरला.

"ती जळली नाही," मारिसा म्हणाली.

डेव्हनने तिच्याकडे पाहिले.

"तू टाकलास तो बर्फाच्या पिशवीचा कागद होता. मी बदलला." तिने गॉगलची डबी उघडली आणि कापडाखालून चौघडी घातलेला कागद काढला. "दोन दिवस मी म्हणतेय, आत्ता सांगू, आत्ता सांगू. सकाळी बाई आल्या तेव्हासुद्धा."

कागदावर शिसपेन्सिलीने लिहिलेला सहा ओळींचा मजकूर होता, यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या ठळक अक्षरात:

बुधवार, पहाट.
लँटर्न घळ, तिसऱ्या वळणावरचे टाके.
शुक्रवारी संध्याकाळी परत.
पाणी तीन दिवसांचे आहे.
नाही आलो तर शनिवारी सकाळी शोधावे.
आर. बिगलर

बाईंनी तो क्लिंटच्या हातात दिला. क्लिंट तोवर रेडिओवर बोलू लागला होता. कारण दोन वाक्यांत सांगून झाले.

८

एक वाजून बावीस मिनिटांनी हेलिकॉप्टरला लँटर्न घळीच्या तिसऱ्या वळणावर चमक दिसली. सावलीतून हात बाहेर काढून ॲल्युमिनियमच्या ताटलीवर कुणीतरी ऊन परतवत होते, तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. क्लिंटला घळीच्या तोंडाशी उतरवण्यात आले. तिथून तो पायी वर गेला.

रुलॉन बिगलर जिवंत होते. गुरुवारी दुपारी टाक्याच्या काठावरून घसरून त्यांचा घोटा मोडला होता. रविवारी संध्याकाळपर्यंत जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर सांगत होते, ही रात्र निघाली नसती. पण गुरुवार ते रविवार त्यांनी कसे काढले ते ऐकल्यावर डॉक्टरांनी ते वाक्य पुन्हा उच्चारले नाही.

टाके कोरडे पडले होते. बिगलर कोपरांवर सरकत उत्तरेकडच्या खडकाच्या पोटात गेले, कारण तिथे दिवसभर ऊन येत नाही. काठीचे दोन तुकडे करून घोटा बांधला. दिवसा हलायचे नाही, बोलायचे नाही, तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायचा. पहाटे आणि संध्याकाळी, गारव्यात, टाक्याच्या तळाशी ताटलीने खणायचे. हातभर खाली ओल होती. खड्ड्यात दीड तासात मगभर पाणी जमे, तेही गढूळ. ते रुमालातून गाळायचे आणि मगावर सपाट दगड ठेवायचा. शनिवारी सकाळी कुणीतरी येईल असे त्यांनी धरले होते. आले नाही तेव्हा त्यांनी दिवसाचे घोट मोजून निम्मे केले. कुणाला हाका मारल्या नाहीत, कारण हाकेत पाणी जाते.

डेव्हन प्रुइट यांच्यावर पोलिसांना खोटी माहिती देऊन शोध भरकटवल्याचा गुन्हा नोंदवला गेला. मारिसाने आपला जबाब वेगळा दिला आणि तो नवऱ्यासमोर दिला. गॅरेट रुग्णवाहिकेत सासऱ्यांच्या उशाशी बसून गेला. जाताना दोघांमध्ये वाद चालू होता असे रुग्णवाहिकेच्या चालकाने सांगितले. वाद पुढच्या मे महिन्याबद्दल होता.

संध्याकाळी साडेपाचला क्लिंट धक्क्यावर आला. शर्ट घामाने पाठीला चिकटून वाळला होता आणि त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. आयनेझबाईंनी ट्रेलरच्या पायरीवर त्याला जागा करून दिली.

"कसा होता?" त्यांनी विचारले.

"ओठ फुटलेले. डोळे खोल. पण शुद्धीवर." क्लिंट बूट काढत होता. "मी धावतच वर गेलो, बाई. पाण्याच्या बाटल्या मागून येणाऱ्या माणसाकडे होत्या, मी थांबलोच नाही. वळणावर पोचलो तेव्हा मला श्वास घेता येत नव्हता. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. नंतर मगावरचा दगड काढला आणि तोच मग माझ्यापुढे केला. त्यात दोन बोटं पाणी होतं. म्हणाला, आधी तू घे पोरा, चढ फार आहे."

"घेतलंस?"

"एक घोट. नाही म्हटलं असतं तर तो आग्रहासाठी उठून उभा राहिला असता."